विमा नाही, तरी भरपाई आहे

जुलै १९६८. ओडिशातल्या जेपोर इथल्या एका चित्रपटगृहात सजावटीचं लाकूडकाम चाललं होतं. काम करताना एक सुतार पडला. डाव्या हाताला एवढी जबर दुखापत झाली की हात कापावा लागला. पुढे त्यानं मालकाकडे भरपाई मागितली. मालकानं दाद दिली नाही. त्यानं दोन उत्तरं दिली. हा आमचा कामगार नाही, तात्पुरता ठेकेदार आहे. आणि तो पडला तो स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७५ च्या अखेरीस निकाल लागला. एक हात गेला म्हणजे अपंगत्व अंशतःच, हे मालकाचं म्हणणं न्यायालयानं मानलं नाही. सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून सुतारापुरतं हे पूर्ण अपंगत्व आहे, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच सुरू होते. भरपाई आयुक्तांनी रक्कम ठरवेपर्यंत मालकानं हातावर हात ठेवून बसायचं नसतं, हेही याच निकालानं पक्कं केलं. भरपाई ठरली होती ९,८०० रुपये. त्यावर निम्म्या रकमेचा दंड आणि व्याज, हे सगळं मालकाच्या खिशातून.

आज भोसरीतल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये बोटं तुटतात, भिवंडीच्या यंत्रमागावर हात सापडतो, बांधकामाच्या परांचीवरून गवंडी खाली येतो, तेव्हाही मालकाची हीच दोन उत्तरं ऐकू येतात. त्यांच्या जोडीला तिसरं असतं: ‘आम्ही विमाच काढलेला नाही, तर पैसे कुठून देणार?’ या तिसऱ्या उत्तरापाशी बहुतेक घरं गप्प होतात. विमा नाही म्हणजे हक्कही नाही, असा समज करून घेऊन जखमी माणूस गावी परततो.

हा समज चुकीचा आहे.

जबाबदारी मालकाची, विमा त्याची सोय

कामावरच्या अपघाताची भरपाई देण्याचं बंधन भारतीय कायद्यानं मालकावर टाकलं आहे, विमा कंपनीवर नाही. एकदम मोठी रक्कम भरायची वेळ आली तर धंदा कोलमडू नये, म्हणून मालक पॉलिसी काढतो. तो त्याचा आणि कंपनीचा आपसातला करार. करार झाला नाही, हप्ता थकला किंवा पॉलिसीची मुदत संपली, तर तोटा मालकाचा. कामगाराच्या हक्काचा एक रुपयाही त्यामुळे कमी होत नाही.

या कायद्याला शंभर वर्षं उलटून गेली आहेत. ब्रिटनमध्ये १८९७ साली कामगार भरपाईचा कायदा आला. हिंदुस्थानात तो १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मुंबईच्या गिरण्यांचा आणि रेल्वे कारखान्यांचा तो काळ. त्याआधी जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे. नव्या कायद्यानं ती अट काढून टाकली. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं दाखवलं की पुरे. चूक कुणाची, हा प्रश्न एरवी उद्भवतच नाही.

दुसरा टप्पा विम्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम सोपवण्यात आलं. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातला ईएसआय, उभा राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ असा शब्द आला, कलमांचे क्रमांक बदलले. भरपाईचा मूळ साचा मात्र तोच राहिला आहे. जुन्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याप्रमाणेच चालतात. त्यामुळे कोर्टाच्या आवारात अजून काही वर्षं तरी ‘भरपाई आयुक्त’ हेच नाव ऐकू येईल.

पहिला प्रश्न: ईएसआय लागू होतो का?

अपघातानंतर पहिली चौकशी करायची ती ईएसआयची. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेले कारखाने आणि आस्थापना या योजनेत येतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराची नोंदणी मालकानं करायची असते. वेतनाच्या ३.२५ टक्के मालकानं भरायचे आणि ०.७५ टक्के कामगाराच्या पगारातून कापायचे. नव्या संहितेत धोकादायक कामांना ही योजना एकाच कामगाराच्या ठिकाणीही लावता येते.

प्रत्यक्षात पगारातून पैसे कापले जातात पण भरले जात नाहीत, किंवा पन्नास माणसांच्या शेडमध्ये वीसच नावं नोंदवलेली असतात. वाहन उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेनं आपल्या अहवालांतून वारंवार दाखवून दिलं आहे की, पुष्कळ कामगारांच्या हातात ईएसआयचं ओळखपत्र अपघात झाल्यानंतरच पडतं. नोकरी मात्र त्याआधीच सुरू झालेली असते.

तरीही नोंदणी नसल्यामुळे दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एका गाजलेल्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. नोंदणी झालेली नसताना कामगाराचा मृत्यू झाला होता. योजना लागू असलेल्या ठिकाणी तो नोकरीला होता, म्हणजे तो विमाधारकच, असं न्यायालयानं मानलं. मालकानं वर्गणी बुडवली असेल तर ईएसआय महामंडळानं आधी कामगाराला लाभ द्यायचा आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायची, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे विमा बुडवणाऱ्या मालकाशी भांडण्याचं काम इथे सरकारी महामंडळाच्या अंगावर येतं.

हा मार्ग कामगाराच्या फायद्याचाही आहे. उपचार ईएसआयच्या दवाखान्यात होतात. कामावर जाता येत नाही तोपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात, तेही आयुष्यभर. कामगार दगावला तर विधवेला आणि मुलांना निवृत्तिवेतनासारखी मासिक रक्कम सुरू होते. त्यासाठी मालकानं अपघाताचा अहवाल महामंडळाला पाठवायचा असतो. तो पाठवत नसेल तर कामगारानं स्वतः शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि चौकशीची मागणी करावी. महाराष्ट्राचं प्रादेशिक कार्यालय, पंचदीप भवन, मुंबईत लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ईएसआय लागू असेल तर त्याच अपघातासाठी भरपाई आयुक्तांकडे दावा चालत नाही. म्हणून हा प्रश्न आधी सोडवायचा.

ईएसआय नसेल तर भरपाई आयुक्त

सहा-सात माणसांचं फॅब्रिकेशनचं दुकान, लहान बांधकाम, बोअरवेलची गाडी, ट्रक, किंवा पगार २१,००० च्या वर असलेला कामगार, अशा ठिकाणी कामगार भरपाईचा कायदा लागतो. रोजंदारीवरचा नैमित्तिक कामगार पूर्वी या कायद्याच्या बाहेर होता. २००० सालच्या दुरुस्तीनं ती भिंत पाडली. आज चार दिवसांपूर्वी कामाला लागलेल्या माणसालाही हा हक्क आहे. मात्र व्यवसायांची एक यादी कायद्याला जोडलेली आहे, तिच्यात ते काम बसावं लागतं. शेतीचंच उदाहरण घ्या. ट्रॅक्टरनं किंवा विजेच्या यंत्रानं होणारं शेतीकाम यादीत आहे, निव्वळ हातानं होणारं नाही.

रक्कम ठरवण्याचं गणित कायद्यातच दिलं आहे. मासिक वेतन, वय आणि कमाईची क्षमता किती गेली, या तीन गोष्टींवर ते चालतं. मृत्यू झाल्यास वेतनाचे ५० टक्के आणि कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के धरतात आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात. हा आकडा २५ व्या वर्षी २१६.९१, तिशीत २०७.९८ आणि पन्नाशीत १५३.०९ आहे. वेतन कितीही असलं तरी हिशेबात १५,००० रुपयांपर्यंतच धरलं जातं. जानेवारी २०२० पर्यंत ही मर्यादा ८,००० रुपयांचीच होती.

समजा, १५,००० रुपये पगाराचा ३० वर्षांचा कामगार कामावर दगावला. ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये त्याच्या कुटुंबाला मिळाले पाहिजेत. त्याच पगाराच्या २५ वर्षांच्या मुलाचा हात प्रेस मशीनखाली सापडला आणि एका हाताची चारही बोटं गेली, तर कायद्याला जोडलेल्या तक्त्यात नुकसान ५० टक्के धरलं आहे. त्याची भरपाई सुमारे ९ लाख ७६ हजार रुपये होते. फक्त तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ७३ हजार. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो. ‘दवाखान्याचं बिल आम्ही भरलं, आता हिशेब मिटला’ हे म्हणणं कायद्यात बसत नाही.

महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के दरानं व्याज लागतं. विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्या रकमेपर्यंत दंडही बसतो. विमा असता तर भरपाई आणि व्याज कंपनीनं दिलं असतं. विमा न काढणाऱ्याला मात्र भरपाई, व्याज आणि दंड हे तिन्ही एकट्यानं सोसावं लागतं. ९ लाख ७६ हजारांवरचं वर्षाचं व्याजच १ लाख १७ हजारांच्या वर जातं. चालढकल मालकाला महाग पडते, हे कामगारानं आणि त्याच्या वकिलानं समोरच्याला सुरुवातीलाच लेखी कळवलेलं बरं.

काही अपवादही आहेत. दुखापतीमुळे काम तीन दिवसांपेक्षा जास्त बुडालं नसेल तर भरपाई नाही. कामगार दारूच्या नशेत होता, सुरक्षेचा नियम त्यानं जाणूनबुजून मोडला किंवा यंत्राचं गार्ड मुद्दाम काढलं, हे बचाव मालकाला घेता येतात. पण मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे बचावही चालत नाहीत. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनंच गार्ड काढायला लावलं असेल, तर तो कामगाराचा दोष ठरत नाही.

‘आमचा माणूस नाही’

पुरवठादाराचा पुरवठादार, त्याचा ठेकेदार, त्याचा मुकादम. या साखळीत खरा मालक कोण?

कायद्यानं याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिलं आहे. आपल्या धंद्याचाच भाग असलेलं काम एखाद्यानं ठेकेदाराकडून करून घेतलं, आणि अपघात त्याच्या ताब्यातल्या जागेत किंवा तिच्या आसपास झाला, तर भरपाईसाठी थेट त्या मूळ मालकालाच जबाबदार धरता येतं. भरपाई दिल्यावर ती ठेकेदाराकडून वसूल करायला तो मोकळा आहे. म्हणून बिल्डरच्या साइटवर ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तर दाव्यात बिल्डरचं नावही घालायचं. ठेकेदार पसार झाला, त्याचा विमा नाही, त्याच्या नावावर काही नाही, तरी बिल्डर जागेवरच असतो. इथे एक मर्यादा आहे. कुणी स्वतःचं राहतं घर रंगवून घेतलं तर रंगकाम हा त्या घरमालकाचा धंदा नसतो. अशा वेळी जबाबदारी रंगकामाचा ठेका घेणाऱ्यावरच राहते.

ऊसतोडणीत हा प्रश्न सगळ्यात अवघड होतो. बीडकडून येणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको मिळून एक धरलेलं असतं, मजुरी टनावर असते आणि कारखान्याच्या दप्तरी त्यांची नावं बहुधा नसतात. अपघात झाला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. मालक कोण, बाईची मजुरी कोणती धरायची, हे काम यादीत बसतं का, यावरच वर्षं निघून जातात. एक गोष्ट मात्र कायद्यात स्पष्ट लिहिली आहे. भरपाईची रक्कम कुणाच्या कर्जापोटी वळती करता येत नाही, तिच्यावर जप्ती आणता येत नाही. मुकादमाची उचल फिटलेली नसली तरी ती भरपाईतून कापता येत नाही.

कागद, सही आणि दवाखान्यातली नोंद

दाव्याचा निकाल पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांत ठरतो. जखमी माणसाला दवाखान्यात आणणारा बहुधा मालकाचाच माणूस असतो. केसपेपरवर तो सांगतो, ‘घरी पडला.’ पुढे ही ओळ खोडणं फार कठीण जातं. म्हणून डॉक्टरांना अपघाताची जागा आणि कारण स्वतः सांगावं, पोलिसांच्या कामासाठीची एमएलसी नोंद करून घ्यावी आणि केसपेपरची प्रत जपून ठेवावी.

नोकरीचा पुरावा म्हणजे नेमणूकपत्रच लागतं असं नाही. बँकेत किंवा यूपीआयनं आलेला पगार, गेटपास, हजेरीच्या वहीचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप निरोप, पीएफचा यूएएन क्रमांक, सोबतच्या कामगारांचे जबाब, हे सगळं चालतं. पगाराचा पुरावाच नसेल तर त्या कामाच्या किमान वेतनाचा आधार घेता येतो. अपघाताची लेखी सूचना मालकाला रजिस्टर पोस्टानं पाठवावी आणि पावती सांभाळावी.

या काळात कुणीतरी पन्नास हजार रुपये आणि स्टॅम्प पेपर घेऊन घरी येतं. ‘यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही’ असं त्यावर लिहिलेलं असतं. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं निरर्थक आहे. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूची भरपाई तर मालकानं थेट घरच्यांच्या हातात द्यायचीच नसते. ती आयुक्तांकडे जमा करायची आणि त्यांनी वारसांत वाटायची. दिराच्या किंवा पुढाऱ्याच्या हाती पडलेल्या पैशातून विधवेच्या वाट्याला काही येत नाही, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

कामावर जाताना झालेला अपघात

२२ एप्रिल २००३. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना रस्त्यात अपघात होऊन तो दगावला. तिथल्या आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. अपघात कामाच्या जागी झालेला नाही, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल, तर घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही कामावरचाच मानायचा, असं न्यायालयानं ठरवलं. नव्या संहितेत ही गोष्ट थेट लिहिलेली आहे.

निकाल चांगला आहे, पण त्या घराला तो मिळायला बावीस वर्षं लागली.

दावा कुठे, किती दिवसांत

महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश भरपाई आयुक्तांचं काम पाहत आले आहेत. जिथे कामगार न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे हे काम असतं. दावा अपघात झाला त्याच ठिकाणी लावावा लागतो असं नाही. जखमी कामगार किंवा वारस जिथे राहतात तिथेही तो दाखल करता येतो. चाकणला हात गमावून गावी परतलेल्या लातूरच्या मुलाला तारखेसाठी पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत, हा या तरतुदीचा हेतू.

१९२३ च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. उशिराचं कारण पटलं तर आयुक्त ती शिथिल करू शकत. कोणत्याही परिस्थितीत दोन वर्षांच्या आतच दावा लावावा आणि अपघाताची सूचना तर ताबडतोब द्यावी. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयात जायचं असेल, तर ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते. कामगाराला दमवण्यासाठी केलेल्या अपिलांना त्यामुळे चांगलाच लगाम बसतो.

बाकीचे मार्ग

वाहनाच्या अपघातात कामगाराला दोन पर्याय असतात: भरपाई आयुक्त किंवा मोटार अपघात दावा प्राधिकरण. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, म्हणून निवड वकिलाला विचारून करावी. मालकाचा निष्काळजीपणा उघड असेल आणि नुकसान मोठं असेल तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावाही करता येतो. तिथे रकमेला तक्त्याची मर्यादा नसते. पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, वेळ फार जातो आणि आयुक्तांकडची वाट सोडून द्यावी लागते.

पोलिसांत गुन्हा नोंदवणं हे भरपाईला पर्याय नाही, पण पंचनामा आणि जबाब दाव्यात उपयोगी पडतात. कारखान्यातल्या अपघाताची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही करावी. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, मालकाला झालेल्या दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं.

बांधकाम कामगारांसाठी राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते. नोंदणी असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपये मिळतात. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला दोन लाख देते. घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही अर्ज करता येतो. हे पैसे मालकाच्या भरपाईव्यतिरिक्त असतात.

इथे एक घोळ नेहमी होतो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना अवजड यंत्रणा कोसळली आणि २० जणांचे प्राण गेले. राज्य सरकारनं पाच लाखांची आणि पंतप्रधानांनी दोन लाखांची मदत जाहीर केली. अशी मदत ही सरकारची सहानुभूती असते. ती मिळाल्यानं मालकावरचं कायदेशीर देणं फिटत नाही. मोठ्या दुर्घटनेत निदान बातमी तरी होते. एकट्या माणसाच्या तुटलेल्या बोटांसाठी असा धनादेश येत नाही, तिथे आयुक्तांचं दार हाच आधार असतो.

आदेश हातात, पैसे कुठे?

या व्यवस्थेचा सगळ्यात दुबळा भाग वसुलीचा आहे. आदेश न पाळणाऱ्या मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. आयुक्त दाखला देतात आणि जप्तीचं काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसील कार्यालयाकडे जातं. मालकानं देणं चुकवून मालमत्ता दुसऱ्याला दिली, तरी तिच्यातल्या स्थावर भागावर भरपाईचा पहिला बोजा राहतो. पण भाड्याच्या गाळ्यात चार जुन्या मशीन घेऊन बसलेला मालक रातोरात गाळा सोडतो, बायकोच्या नावानं नवी फर्म काढतो, आणि कामगाराच्या हातात नुसता आदेश उरतो. तहसीलदारांच्या टेबलावर असे दाखले पडून राहतात. मालकाच्या मालमत्तेची, जीएसटी क्रमांकाची आणि बँक खात्याची माहिती दावा चालू असतानाच जमवणं म्हणूनच गरजेचं आहे.

इतर देशांनी ही फट दोन प्रकारे बुजवली आहे. ब्रिटननं १९६९ साली कायदा करून मालकांना विमा सक्तीचा केला. विम्याशिवाय धंदा चालवणाऱ्याला तिथे दर दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात विमा नसलेल्या मालकांच्या कामगारांसाठी वेगळा निधी आहे. मालक देत नसेल तर निधी कामगाराला पैसे देतो आणि नंतर मालकाकडून वसूल करतो. आपल्याकडे ईएसआयनं हेच तत्त्व १९४८ पासून मान्य केलं आहे. मात्र ज्याच्या डोक्यावर ईएसआयचं छत्र नाही त्याच्यासाठी असा निधी नाही, आणि भरपाई कायद्यानं विमा सक्तीचाही केलेला नाही.

महाराष्ट्राला हे अवघड नाही. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर आजही परवानगी देतानाच गोळा होतो. त्याच खिडकीवर साइटवरच्या कामगारांच्या विम्याची पॉलिसी मागता येईल. कारखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण आणि ठेकेदाराचा परवाना यांनाही तीच अट जोडता येईल. आणि आयुक्तांच्या आदेशानंतर ठरावीक दिवसांत पैसे आले नाहीत, तर राज्याच्या निधीतून ते कामगाराला देऊन वसुलीची जबाबदारी सरकारनं स्वतःकडे घ्यावी. कामगार संघटनांनी आणि आमदारांनी नव्या संहितेखालच्या राज्याच्या नियमांसाठी आता हीच मागणी लावून धरायला हवी.